टायर बदलला आणि पुढचं चाक उठेना: दोष पकडीचा की मापाचा?

प्रश्न सांगलीकडच्या एका तरुणाचा आहे. त्याच्याकडे २०१६ची केटीएम २०० ड्यूक आहे. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात, मालकाच्या परवानगीनं, तो वर्षभर व्हीलीचा, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या एकाच चाकावर गाडी चालवण्याचा, सराव करतोय. मागचा टायर गुळगुळीत झाला म्हणून त्यानं १५०/६०-१७ च्या जागी १४०/७०-१७ टाकला. तेव्हापासून पुढचं चाक जड झालंय, पूर्वीसारखं उठत नाही. शिवाय आवाराच्या एका टोकाला, जिथं काँक्रीट संपून मुरूम सुरू होतो, तिथं शेपूट, म्हणजे गाडीची मागची बाजू, सरकते. कुणी म्हणतं टायरला पकड नाही, कुणी म्हणतं मागचं स्प्रॉकेट (चेन फिरते ते दातेरी चाक) मोठं टाक, कुणी म्हणतं हवा निम्मी कर. त्याला विचारायचंय, यातलं खरं काय?

भावा, गेली सव्वीस वर्षं मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो. त्यातली पंधरा-सोळा वर्षं स्टंट करणाऱ्या पोरांच्या गाड्या बांधतोय. आधी स्वतः उचलायचो, आता शिकवतो. तुझ्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकात गुंतल्यात. त्या सोडवून सांगतो. उत्तर लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर तू चुकीचा भाग बदलशील.

आधी तुझ्या टायरचं गणित. १५०/६०-१७ म्हणजे रुंदी १५० मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ६० टक्के, म्हणजे ९०. सतरा इंची रिमचा व्यास ४३२, त्यात दोन्ही बाजूंचे ९०-९० मिळवले की ६१२ मिलिमीटर. १४०/७० मध्ये बाजूची उंची ९८, म्हणून व्यास ६२८. चाक सोळा मिलिमीटरनं मोठं झालं, म्हणजे अडीच टक्क्यांहून थोडं जास्त. तुझ्या गाडीला मागं ४३ दातांचं स्प्रॉकेट आहे, त्यातला एक दात म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के. थोडक्यात, टायर बदलताना तू नकळत मागचा एक दात काढून टाकलास. पुढचं चाक जड लागतंय ते मुख्यतः यामुळं. टायरच्या पकडीचा इथं दोष नाही.

आता हा एक दात एवढा का जाणवतो? कारण तुझी गाडी मुळातच काठावर आहे.

पुढचं चाक कशानं उठतं? मागचा टायर जमिनीला मागं ढकलतो, जमीन गाडीला पुढं ढकलते. हा जोर अगदी खाली, टायर टेकतो तिथं लागतो, आणि गाडीचं-स्वाराचं मिळून वजन वर, टाकीच्या आसपास असतं. खालून ढकललं की वरचं मागं झुकतं. भरल्या हातगाडीला खालच्या दांडीला धरून हिसका दिला तर वरची पोती मागं येतात ना, तसंच. आणि वजन याला विरोध करतं, कारण ते मागच्या चाकाच्या पुढं आहे. म्हणून दोनच मापं लक्षात ठेव: वजनाचा मध्य मागच्या टायरच्या टेकणीपासून किती पुढं आहे, आणि जमिनीपासून किती उंच आहे. पुढचं अंतर भागिले उंची. हा आकडा जितका लहान, तितकं चाक सोपं उठतं.

तुझ्या ड्यूकची दोन चाकांमधली लांबी १३६७ मिलिमीटर. स्वार नेहमीसारखा बसला तर वजनाचा मध्य साधारण अर्ध्यावर येतो, म्हणजे मागच्या टेकणीपासून ६८ सेंटिमीटर पुढं. उंची धर ६३ सेंटिमीटर. भागाकार आला १.०८. याचा अर्थ, नुसत्या रेसवर चाक उठायचं असेल तर गाडी आणि तू मिळून जेवढं वजन आहे, त्याहून आठ टक्के जास्त जोर टायरला जमिनीवर लावावा लागेल. गाडी १३५-१३६ किलो, तू सत्तर धरला तर एकूण २०६. लागणारा जोर सुमारे २२२ किलोचा.

इंजिन किती देतं बघ. कंपनीचा आकडा १९.२ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), तोही ८००० आरपीएमला. पहिल्या गिअरमध्ये इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत सगळं मिळून साधारण साडेअठ्ठावीस पट होतं. मूळच्या टायरवर याचे होतात फार तर १८२ किलो, आणि चेन-गिअरमध्ये जे वाया जातं ते मी धरलेलंच नाही. नव्या टायरवर आणखी चार-पाच किलो कमी. म्हणजे २०० ड्यूक नुसत्या रेसवर उठतच नाही. ती उठते तीन गोष्टी जुळून आल्यावर: क्लचनं फ्लायव्हीलमध्ये (इंजिनातल्या जड फिरत्या चाकात) साठलेला जोर एकदम सोडल्यावर, पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचा शॉकअप) दाबून तो वर येतानाच रेस दिल्यावर, आणि अंग मागं सरकवल्यावर. सीटवर दहा सेंटिमीटर मागं सरकलास तर वजनाचा मध्य साडेतीन सेंटिमीटर मागं येतो आणि लागणारा जोर २२२ वरून २११ वर उतरतो. फुकटात अकरा किलो. म्हणून मी नव्या पोराला आधी बसायला शिकवतो, पाना नंतर हातात घेतो.

माझ्या वयाची माणसं यामाहाच्या आरएक्स १०० ची आठवण काढतात ती याच कारणानं. १९८५ ते १९९६ पर्यंत विकली गेलेली ९८ सीसीची गाडी, ताकद अकरा बीएचपी. पण वजन शंभर किलोच्या आसपास आणि लांबी फक्त १२४० मिलिमीटर. मागच्या चाकापासून वजन जवळ, आणि टू-स्ट्रोकचा जोर एका ठराविक आरपीएमला एकदम अंगावर येणारा. ताकदीपेक्षा मापं जास्त बोलतात, हे त्या गाडीनं आम्हाला शिकवलं. हेच गणित उलट्या बाजूनंही चालतं. मोटोजीपी या मोटरसायकलच्या जागतिक शर्यतीत गाडी सुटताना मागची बाजू खाली बसवणारी यंत्रणा लावतात, ती वजन खाली आणून पुढचं चाक जमिनीवर ठेवण्यासाठीच. २०२७ पासून तिथं तिच्यावर बंदी येतेय. ड्रॅग रेसच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) गाड्यांचं स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, लांब करतात तेही यासाठीच.

तर स्प्रॉकेट. ४४ दातांचं टाकलंस तर फक्त टायरनं खाल्लेलं परत मिळेल. ४८ टाकून मूळ मापाचा टायर लावलास तर जोर जातो सुमारे २०३ किलोवर. त्यात अंग मागं आणि हलका क्लच, एवढ्यात चाक शांतपणे उठतं. माझ्या मते या गाडीला ४८ पुरे. पोरं हट्टानं ५२-५५ पर्यंत जातात. मग पहिल्या गिअरमध्ये रेस नुसती हलली तरी गाडी झटके देते आणि नवशिक्याला ती धरता येत नाही. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हवे तेवढ्या दातांचं स्प्रॉकेट करून मिळतं, पण दात नीट कडक केलेले आहेत का विचार. मऊ लोखंडाचे दात दोन महिन्यांत हुकासारखे वाकतात आणि चेन उडी मारते. चाक वर असताना चेननं उडी मारली तर जोर क्षणभर जातो आणि पुढचं चाक दाणकन खाली येतं. मोठ्या स्प्रॉकेटला चेनही लांब लागते. कड्या अशा मोज की मागचा ॲक्सल खाचेत शक्य तितका पुढं राहील. सेंटिमीटरभर लांबी कमी झाली तरी ती तुझ्याच बाजूची आहे.

आता पकड. इथं नीट लक्ष दे, कारण शेपूट सरकते ती इथंच.

वर जो १.०८ चा आकडा काढला, तो नुसता जोराचा नाही, पकडीचाही आहे. टायरला वजनापेक्षा जास्त जोर जमिनीवर लावायचा असेल तर जमिनीनंही तेवढं धरायला हवं. कोरडं, स्वच्छ डांबर आणि गरम, चांगला टायर मिळून पकड जेमतेम एकच्या आसपास येते. ओल्या रस्त्यावर ती बरीच खाली येते, मुरमावर तर जवळपास निम्मी होते. म्हणून मुरमावर कितीही रेस दे, चाक फिरत राहतं, उठत नाही. इथवर धोका कमी आहे. धोका पुढं आहे.

मुरमावर चाक फिरतंय, तू रेस वाढवतोयस, इंजिन नऊ हजारांवर गेलंय, आणि पुढच्याच हातभर अंतरावर काँक्रीट सुरू झालं, असं समज. टायर एकदम धरतो. फिरत्या चाकात आणि इंजिनात साठलेला सगळा जोर एका क्षणात जमिनीत जातो आणि गाडी थेट मागं पलटी होते. हातात वेळच राहत नाही. माझ्याकडचा एक पोरगा असाच पडला. मनगट दोन ठिकाणी मोडलं, सहा महिने पाना धरता आला नाही. त्या दिवशी मैदान झाडायला मी सांगितलं नव्हतं, ही माझी चूक होती, आणि आजही सरावाच्या आधी खराटा मी स्वतः घेतो. उलट दिशेलाही तसंच. काँक्रीटवर चाक वर घेऊन तू मुरमावर शिरलास तर मागचा टायर पकड सोडतो, जोर संपतो, आणि पुढचं चाक खाली येता येता शेपूट बाजूला निघते. खाली आलेलं पुढचं चाक तेव्हा सरळ रेषेत नसतं. तू सांगतोस ती शेपूट सरकणं हेच आहे. टायर कुठलाही लाव, ते थांबणार नाही. काँक्रीटच्या शेवटाच्या पंधरा मीटर अलीकडं विटांची रांग लाव आणि तिथं पोहोचण्याआधी चाक खाली आणायचं, असा नियम कर.

पकड कमी-जास्त असण्यापेक्षा ती सगळीकडे सारखी असणं महत्त्वाचं, हे मी पोरांना रोज सांगतो. सारखं असलेलं जुनं काँक्रीट मला चालतं. मध्येच ऑइलचा डाग, पांढऱ्या रंगाचा पट्टा, झाडाखालचा पाला असलेलं चकचकीत डांबर चालत नाही. मैदान तपासायची माझी पद्धत सोपी आहे. चालत जायचं आणि बुटाची टाच दर चार पावलांवर घासायची. टाच अडखळते की सरकते, ते पायाला लगेच कळतं. सरावानंतर टायरनं उमटवलेली काळी रेघही बघ. ती अखंड आणि एकसारखी गडद असेल तर पकड नीट आहे. तुटक असेल तर टायर धरतोय-सोडतोय, धरतोय-सोडतोय. तिथं थांब आणि कारण शोध.

टायरचं रबरही बघून घे. बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ३२१९ लिहिलं असेल तर तो २०१९च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. स्वस्तात मिळाला म्हणून दुकानात पाच-सहा वर्षं पडलेला टायर घेऊ नको. नक्षी नवी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. अंगठ्याचं नख दाबून बघ: चांगल्या रबरात खूण उमटून हळूहळू भरते, कडक रबरावर नख सरकतं. शिवाय नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर चकचकीत असतो, तो साधं चालवून खरवडला जाईपर्यंत सरावाला घेऊ नको. डिसेंबरच्या सकाळी टायर गार असतो तेव्हाही दहा मिनिटं नुसत्या फेऱ्या मार. मे महिन्यात दुपारी बाराला उलट होतं. रबर इतकं मऊ पडतं की मधला भाग एका दिवसात सपाट होतो. व्हीली करणाऱ्याचा टायर मधोमधच झिजतो, गोलाई जाऊन चौकोनी होतो. मग गाडी सरळ जाताना झकास वाटते, पण घरी जाताना वळणावर एकदम कोसळल्यासारखी कलते. तसा टायर घालून रस्त्यावर यायचं नाही.

हवेबद्दल. तुझ्या गाडीला एकट्या स्वारासाठी २९-३० पीएसआय. व्हीलीत सगळं वजन एकाच टायरवर येतं. हवा कमी असली की टायर पसरून बसतो, टेकणी रुंद होते आणि गाडी डावी-उजवीकडे कमी डुलते. पकडही थोडी वाढते. म्हणून जुने स्टंटवाले वीसच्या खाली उतरतात. तू २४ वर थांब. कमी हवेचा टायर लवकर तापतो, आणि झटक्यानं रेस दिली की रिमवर फिरायला लागतो. हे डोळ्यांनी दिसतं: रिम आणि टायर दोन्हींवर मिळून खडूनं एक सरळ रेघ ओढ. तासाभरानं ती तुटून दोन रेघा झाल्या असतील तर टायर रिमवर सरकलाय, हवा वाढव. ट्यूब असलेल्या गाडीवर तर हवा कमी करूच नको. टायर सरकला की ट्यूबही सरकते, व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो आणि हवा एका झटक्यात जाते. आणि सराव संपला की पंप काढून हवा पूर्ववत करायची, मगच घरी निघायचं.

शॉकअपबद्दल लोकांत एक उलटा समज आहे, की मागचा शॉकअप मऊ असला की गाडी मागं बसते आणि चाक उठतं. बसते ती खरी, पण त्यात वजन खाली येतं, आणि वजन खाली आलं की चाक उठायला जास्त जोर लागतो. शिवाय मऊ स्प्रिंग वर असताना हेलकावे देते. मागची स्प्रिंग एक-दोन घर घट्ट कर. पुढचा फोर्क मात्र दाबल्यावर मोकळेपणानं वर यायला हवा, कारण तुझ्या गाडीला त्या उसळीची मदत लागते. फोर्कच्या नळीला केबल टाय बांधून ठेव. चाक खाली आल्यावर तो टाय अगदी तळापर्यंत ढकलला गेला असेल तर गाडी आपटतेय. ऑइल सील गळणं आणि कोनसेटला (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला) खड्डे पडणं यापुढं येतंच. हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवताना मधोमध एक टक्कन खाच लागली, तर कोनसेट गेला असं समज आणि बदल.

आता ब्रेक, आणि हा भाग मी सगळ्यात आधी लिहायला हवा होता. मागचा ब्रेक मनासारखा लागत नसेल तर बाकी सगळं राहू दे. चाक वर असताना ते खाली आणायचं एकच भरवशाचं साधन तुझ्या उजव्या पायाखाली आहे. रेस सोडून चाक खाली येतं, पण एका उंचीनंतर, जिथं गाडी तोलावर उभी असते, त्याच्या पलीकडं रेस सोडणं कामाचं नाही. तिथं फक्त मागचा ब्रेक गाडी पुढं झुकवतो.

बहुतेक गाड्यांचा ब्रेक पेडल बसून चालवण्याच्या हिशोबानं लावलेला असतो. तू मागं सरकलास, गाडी वर गेली, की पाऊल फुटरेस्टवर मागं झुकतं आणि पेडल बोटांच्या खाली, आवाक्याबाहेर जातं. पुढचं चाक उचलून मजबूत स्टँडवर बांध, मागं एक माणूस उभा कर, गाडीवर बस आणि डोळे मिटून पाय पेडलवर ने. बूट हलवावा लागला तर पेडल चुकीच्या उंचीवर आहे. ते वर घे, साधारण एक सेंटिमीटर. मग पुन्हा डोळे मिटून बघ. रोज वीस वेळा. माझ्याकडं पोरगं पहिले आठ दिवस एवढंच करतं. नंतर चाक वीतभर उचलायचं आणि ब्रेकनं खाली आणायचं, रेस न सोडता. पन्नास वेळा चुकलं नाही की मग हातभर.

पॅड आणि ब्रेक ऑइलही सांभाळ. मागची डिस्क २३० मिलिमीटरची आहे. सतत दाबून-सोडून ती निळी पडते, ऑइल उकळतं आणि पेडल स्पंजासारखं दबतं. तसं वाटलं की त्या दिवसाचा सराव संपला. दर तीन महिन्यांनी ऑइल बदल. ब्रेकलाही पकड लागते हे विसरू नको. घसरड्या जमिनीवर ब्रेक दाबला की चाक अडकतं, इंजिन बंद पडतं आणि गाडी न झुकता सरकते. मैदान झाडायचं ते यासाठीही.

तुझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, नाही. पण ज्यांच्या नव्या गाडीला आहे त्यांनी ध्यानात घ्यावं: पुढचं चाक हवेत मंदावतं, मागचं फिरत असतं, आणि यंत्रणेला दोन चाकांचा वेग जुळत नाही. ऐनवेळी मागचा ब्रेक तुम्हाला हवा तसा लागेल याची खात्री नसते. ३९० ड्यूकसारख्या गाडीत मागचं एबीएस बंद करायची सोय कंपनीनंच दिलीय, तसं असेल तर मैदानात ते वापरा. वायर कापून एबीएस काढू नका. ती गाडी परत रस्त्यावर जाणार असते.

इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेव. गाडी उभी झाली की ऑइल मागच्या बाजूला जातं, पंपाला कमी मिळतं. सलग लांब व्हीली झाल्या की मध्ये गाडी थोडा वेळ दोन्ही चाकांवर चालवून घे.

रस्त्यावर हे काहीही करू नको. मोटार वाहन कायद्याच्या १८४ कलमात धोकादायक चालवण्यासाठी दंड आणि तुरुंग दोन्ही आहेत, पण मी कायद्यासाठी सांगत नाही. रस्त्याची पकड तुझ्या हातात नसते. पुढच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीतून काय सांडलंय, ते तुला दिसत नाही. हेल्मेट पूर्ण तोंडाचं, पाठीचं गार्ड, घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि मैदानात कायम दुसरा माणूस, ज्याच्याकडं गाडी आणि फोन दोन्ही आहे.

तुझ्यासाठी क्रम असा. १४०/७० काढून १५०/६० परत टाक, आठवड्याचा शिक्का बघून. स्प्रॉकेटला अजून हात लावू नको. ४३ वरच पेडलची उंची आणि वीतभराचा सराव कर. महिन्याभरानं ब्रेकवर चाक हवं तिथं येऊ लागलं की ४८ टाक. हवा २४, खडूची रेघ ओढून. आणि विटांची रांग या रविवारी जाशील तेव्हाच लाव.